शस्त्रवैद्य लारे यांची धावती रुग्णवाहिका

नेपोलियन बोनापार्टचे नाव ठाऊक नाही असा वाचक विरळाच. त्याच्या लढाया आपण शाळेत पाठ केल्या, शब्बाथशाळेतील मुलेही आज त्या पाठ करीत असतात. परंतु त्या लढायांत पडलेल्या माणसांना कोणी उचलले हे आपल्याला कोणी शिकविले नाही. उचलणाऱ्यांचे पुढारी होते दोमिनिक झाँ लारे. नेपोलियनबरोबर त्यांनी इजिप्तचे वाळवंट तुडविले, रशियाचा बर्फ तुडविला, आणि शेवटी वॉटर्लूच्या मैदानावर शत्रूच्या हाती सापडले. आज हाक मारताच दारी येणारी जी रुग्णवाहिका आहे, तिची मूळ कल्पना या गृहस्थांची.

फ्रान्सच्या दक्षिणेस पिरनीज पर्वताच्या कुशीत बोदेआं नावाचे खेडे आहे. तेथे ८ जुलै १७६६ रोजी लारे यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत. ते लवकर वारले आणि तेरा वर्षांच्या मुलाला तुलूझ शहरी काकांकडे जावे लागले. काका शस्त्रवैद्य होते. त्यांच्या हाताखाली मुलगा शिकला, पुढे पॅरिसला गेला. १७८७ साली आरमारी शस्त्रवैद्य म्हणून न्यूफाउंडलंडच्या थंड समुद्रात एक सफर करून आला, पण समुद्र काही त्याला मानवला नाही. परतल्यावर पॅरिसच्या मोठ्या इस्पितळात देसो नावाच्या नामांकित गुरूंपाशी त्यांनी शिक्षण चालू ठेवले. इतक्यात १७८९ची राज्यक्रांती झाली, आणि तीन वर्षांत फ्रान्सची युरोपातील राजांशी लढाई जुंपली.

१७९२ साली लारे ऱ्हाइन नदीवरील सैन्यात दाखल झाले. तेथे त्यांनी जो नियम पाहिला तो वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावरच उभी आहे. नियम असा होता की, जखमींसाठी असलेल्या गाड्या लढाईच्या जागेपासून एक फ्रेंच कोस, म्हणजे सुमारे चार किलोमीटर, मागे राहाव्यात. लढाई संपल्यावर त्या पुढे यायच्या. गाड्या जड, रस्ते चिखलाचे, वाटेत तोफा व सामानाची गर्दी. त्यामुळे जखमी माणूस जेथे पडला तेथेच एक दिवस, कधी दीड दिवस पडून राही. रक्त वाहून जाई. रात्री थंडी वाजे, पाणी द्यायला कोणी नसे. गाडी येई तेव्हा पुष्कळदा उचलण्यासारखे काही उरलेलेच नसे. त्यातही अगोदर अधिकाऱ्यांना उचलीत, मग शिपायांना.

लारे यांच्या नजरेत एक गोष्ट भरली. त्या सैन्यात घोड्यांवरून धावणारा तोफखाना होता. हलक्या गाड्यांवर तोफा चढवून तो क्षणात इकडून तिकडे जाई. माणसे मारण्यासाठी इतकी घाई करता येते, तर वाचविण्यासाठी का करता येऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी वरिष्ठांपुढे योजना मांडली, आणि मान्यता मिळताच गाड्या तयार करविल्या.

या गाड्यांची रचना पाहण्यासारखी आहे. सपाट मुलखासाठी दोन चाकांचा हलका छकडा, त्याला दोन घोडे, आत दोन जखमी लांब निजू शकत. डोंगराळ वाटांसाठी चार चाकांची गाडी, तीत चौघांची सोय. बाजूंना आतून गादी लावलेली, म्हणजे हिसक्यांनी मोडलेले हाड अधिक मोडू नये. हवेसाठी खिडक्या. आतली फळी लहान चाकांवर सरकणारी, तिच्यावर गादी. फळी बाहेर ओढायची, जखमी तिच्यावर ठेवायचा आणि आत सरकवायचा. आजच्या रुग्णवाहिकेचे मागचे दार उघडून स्ट्रेचर सरकविताना आपण पाहतो, ती युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. गाडीबरोबर घोड्यावर बसलेला शस्त्रवैद्य असे आणि त्याच्या खोगिराच्या पिशव्यांत पट्ट्या व हत्यारे. १७९७ साली इटलीत लारे यांनी या सेवेची पक्की घडी बसविली: तीन तुकड्या, मिळून ३४० माणसे, प्रत्येक तुकडीस बारा गाड्या.

गाड्यांपेक्षाही महत्त्वाचा आम्हांस तो घोड्यावरील शस्त्रवैद्य वाटतो. लारे यांनी केवळ वाहतूक जलद केली असे नाही. उपचारच जखमीपाशी नेला. पूर्वी जखमी वैद्याकडे जाई, आता वैद्य जखमीकडे जाऊ लागला. रक्त थांबविणे, मोडलेला अवयव बांधणे ही कामे तेथल्या तेथे, आणि मग प्रवास. यरीहोच्या वाटेवरील शोमरोन्याची गोष्ट आपण इतक्या वेळा शिकवितो, पण तिच्यातील हा क्रम शिकवायचे राहून जाते. त्याने आधी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, आधी पट्ट्या बांधल्या, मग त्या मनुष्याला आपल्या जनावरावर बसविले आणि उतारशाळेत नेले. उचलून पळत सुटला नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. शंभर जखमी आणि वैद्य चार, अशा वेळी पहिला हात कोणाला लावायचा? लारे यांचा नियम असा की, ज्याची जखम सर्वांत धोक्याची त्याला प्रथम. मग तो सेनापती असो की ढोलकरी पोरगा, आपला असो की शत्रूचा. किरकोळ जखमीने थांबावे. आज हा नियम आपल्याला साधा वाटतो. त्या काळी तो हुद्द्यांच्या साऱ्या उतरंडीला उलटा पाडणारा होता. आता या निवडीला फ्रेंच भाषेतील छाटून वेगळे करणे या अर्थाचा ट्रियाज हा शब्द जगभर रूढ झाला आहे. मोठ्या अपघाताच्या जागी जखमींना रंगांच्या चिठ्ठ्या लावतात: तातडीच्याला लाल, थोडे थांबू शकेल त्याला पिवळी, चालता येईल त्याला हिरवी, मृताला काळी. मात्र आज जगण्याची आशाच नसलेल्याला मागे ठेवून वाचू शकणाऱ्याला पुढे घ्यावे असेही शिकवितात. हा निर्णय किती कठीण असेल याची कल्पना घरी बसून करता येत नाही.

१७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हा वाळूत छकडे चालेनात. लारे यांनी उंटाच्या दोन्ही बाजूंस कजावे बांधविले आणि एकेका कजाव्यात एकेक जखमी निजविला. याच मोहिमेत त्यांनी पाहिले की, काही जखमांत माशांचे किडे पडले असता ते फक्त सडलेले मांस खातात आणि जखम लवकर स्वच्छ होते. शिपाई किड्यांना भीत. लारे त्यांची समजूत घालीत.

त्या काळच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडे सांगितले पाहिजे. शुद्ध हरपविणारे औषध १८४६ पर्यंत आले नव्हते, आणि जंतूंची ओळख पटून जखमा निर्जंतुक करण्याची लिस्टरची पद्धत १८६७ ची. गोळ्याने चिरडलेला पाय ठेवला तर तो सडून माणूस मरे. म्हणून कापणे भागच असेल तर पहिल्या चोवीस तासांत कापावे, असे लारे यांचे मत होते. या पहिल्या अवधीत शरीर बधिरलेले असते आणि ताप चढलेला नसतो. अनेक वैद्य काही दिवस थांबावे असे म्हणत. अनुभवाने लारे यांची बाजू खरी ठरली. सप्टेंबर १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईनंतर त्यांनी एका दिवसरात्रीत सुमारे दोनशे अवयव कापले. आकडा वाचूनच अंगावर काटा येतो.

सर्वच बाबतींत त्यांचे म्हणणे आज टिकलेले नाही. फेब्रुवारी १८०७ मध्ये आयलाऊच्या बर्फात त्यांनी पाहिले की, थंडीने गोठलेले पाय घेऊन जे शिपाई शेकोटीशी धावले त्यांचे पाय कुजले. शेकोटीपासून दूर ठेवण्याचा त्यांचा सल्ला योग्यच होता. पण गोठलेला भाग बर्फाने चोळावा असे ते सांगत, ते आज कोणी करू नये. चोळल्याने इजा वाढते. तो भाग पुन्हा गोठण्याचा संभव नसेल तर सोसवेल इतक्या कोमट पाण्यात धरावा, असे आता शिकवितात.

पुढे दोनच वर्षांनी, मे १८०९ मध्ये, डॅन्यूब नदीतील लोबाऊ बेटावर हजारो जखमी अडकले आणि अन्न संपले. लारे यांनी घोडे कापविले, मेलेल्या स्वारांच्या छातीवरील लोखंडी चिलखतांची भांडी केली आणि मांसाचा रस्सा शिजविला. मीठ नव्हते म्हणून बंदुकीची दारू टाकली. घोड्यांत मोठ्या अधिकाऱ्यांचेही घोडे होते. तक्रार झाली, पण जखमी जगले. याच लढाईत मार्शल लान हा त्यांचा जिवलग मित्र त्यांच्या हाती पाय कापून घेऊनही दगावला.

आता आम्ही त्यांच्या चरित्रातील ज्या प्रसंगाकडे येतो तो लढाईचा नसून चौकशीचा आहे. मे १८१३ मध्ये बाउत्सेनच्या लढाईनंतर हजारो कोवळे शिपाई बोटांना व हातांना जखमा झालेले आढळले. सेनापतींनी बादशहाच्या कानी घातले की, ही पोरे लढाई चुकविण्यासाठी स्वतःच गोळी मारून घेतात. काही वैद्यांनीही तशी पुस्ती जोडली. नेपोलियन संतापला, काहींना गोळ्या घालून इतरांना दहशत बसवावी असे त्याच्या मनात होते. लारे यांना चौकशीस बसविले. बादशहाला काय ऐकायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी अडीच हजारांहून अधिक जखमी एकेक करून तपासले. जखमेची दिशा, जागा, अंतर सारे पाहिले, आणि लेखी कळविले की यांतील कोणावरही आरोप सिद्ध होत नाही. नवशिके शिपाई तीन रांगांत उभे राहून गोळ्या झाडीत. मागच्या रांगेची बंदूक पुढच्याच्या हाताला लागे. चढावर वरच्या शत्रूकडे बंदूक रोखतानाही हातच पुढे येत. नेपोलियन कागद घेऊन येरझारा घालू लागला, असे म्हणतात. मग त्याने लारे यांचे आभार मानले, हिऱ्यांनी मढविलेले आपले चित्र दिले आणि निवृत्तिवेतन बांधून दिले. सत्य बोलून बक्षीस मिळणे हे नेहमीचे नाही. लारे तर शिक्षेच्या तयारीनेच गेले असावेत.

शिपायांनी या प्रेमाची परतफेड रशियातून परततानाच केली होती. नोव्हेंबर १८१२ मध्ये बेरेझिना नदीच्या पुलावर माणसे माणसांना तुडवीत होती. लारे पलीकडे पोचले होते, पण जखमींसाठी हत्यारे आणावयास परत फिरले आणि गर्दीत सापडले. कोणीतरी ओळखले, नाव पुकारले गेले, आणि त्या उपाशी, गोठलेल्या शिपायांनी त्यांना डोक्यावरून हातोहात पलीकडे पोचविले. अर्थात त्या मोहिमेत लारे यांच्या सर्व गाड्या असूनही असंख्य माणसे वाटेत मेली, हे विसरून चालणार नाही. गाड्या थोड्या होत्या आणि युद्ध मोठे होते.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला, तोफांच्या माऱ्यात जखमी वेचणाऱ्या लारे यांना पाहून वेलिंग्टनने त्या बाजूस गोळे टाकू नका असे सांगितले, अशी कथा आहे. सायंकाळी प्रशियाच्या शिपायांनी त्यांना पकडले आणि गोळी घालण्याचे ठरले. डोळ्यांवर पट्टी बांधायला आलेल्या जर्मन शस्त्रवैद्याने त्यांना ओळखले. बर्लिनमध्ये त्याने त्यांची व्याख्याने ऐकली होती. प्रकरण सेनापती ब्ल्यूखरकडे गेले. ब्ल्यूखरचा मुलगा पूर्वी जखमी होऊन फ्रेंचांच्या हाती पडला असता लारे यांनीच त्याला वाचविले होते. ब्ल्यूखरने त्यांना जेवू घातले आणि सोबत देऊन सुखरूप पाठविले.

आपल्या वाचकांपैकी जे हैदराबादेत आहेत त्यांना हे ठाऊक असेल की, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ साली तेथेच सुरू झाली. नंतर ती गुजरात, गोवा, कर्नाटक या राज्यांत गेली आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात आली. तिच्यात बसणारे तरुण जे पहिले धडे शिकतात ते आपल्या तरुण संघालाही शिकविता येतील. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहणे, नाहीतर एका जखमीचे दोन होतात. मग जोराने वाहणारे रक्त. स्वच्छ फडका जखमेवर घट्ट दाबून धरावा, थांबले का म्हणून वारंवार उचलून पाहू नये. मग श्वासाची वाट मोकळी आहे ना, श्वास चालतो ना, नाडी लागते ना. मान किंवा पाठ दुखावल्याचा संशय असेल तर उगाच उचलाउचल नको. लोकांना पोलिसांची भीती वाटते म्हणून सांगतो, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले आहे. त्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याने या मदतनिसाला नाव दिले आहे ते शोमरोन्याचेच.

नेपोलियनने सेंट हेलेना बेटावर लिहिलेल्या मृत्युपत्रात लारे यांना एक लाख फ्रँक ठेवले आणि आपण पाहिलेल्या माणसांत ते सर्वांत सद्‌गुणी असल्याची साक्ष दिली. लारे यांचे उतारवय जुन्या जखमी सैनिकांच्या पॅरिसमधील आश्रमात, अँव्हालिदमध्ये, सेवा करण्यात गेले. वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते अल्जीरियातील लष्करी इस्पितळे तपासावयास मुलाबरोबर गेले. परतीच्या वाटेवर आजारी पडून २५ जुलै १८४२ रोजी लियों शहरी वारले. त्यांच्या पत्नी शार्लोत, ज्या स्वतः चांगल्या चित्रकार होत्या, त्या थोड्याच आधी वारल्या होत्या. आपल्या जुन्या शिपायांच्या आश्रमात आपल्याला पुरावे अशी लारे यांची इच्छा होती, पण ती त्या वेळी मान्य झाली नाही. पॅरिसच्या पेर लाशेझ कबरस्थानात ते दीडशे वर्षे होते, आणि डिसेंबर १९९२ मध्ये त्यांच्या अस्थी अँव्हालिदमध्ये नेण्यात आल्या.