गणिताच्या गोळ्या : डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांची गोष्ट

मुलाला एडीएचडी आहे असे सांगितल्यावर आई-वडिलांचा पहिला प्रश्न बहुधा औषधाचाच असतो. एवढ्याशा जिवाला मेंदूवर काम करणारी गोळी द्यायची? सवय लागली तर? मूल सुन्न होऊन बसले तर? घरी आजी-आजोबा म्हणत असतात की पोर खोडकर आहे, मोठे झाले की आपोआप शांत होईल. शाळेच्या डायरीत मात्र दर आठवड्याला शेरा येतो. अशा पालकांना मी अनेकदा डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांची गोष्ट सांगतो, कारण या गटातली औषधे मुलांच्या वर्तनासाठी वापरण्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली आणि ती सुरुवात चक्क डोकेदुखीतून झाली.

गोष्ट अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या लहानशा राज्यातली आहे. टेलिफोनच्या धंद्यातून श्रीमंत झालेले जॉर्ज लोथ्रॉप ब्रॅडली आणि त्यांची पत्नी हेलन यांना एम्मा ही एकुलती एक मुलगी होती. 1879 साली जन्मलेल्या एम्माला सातव्या वर्षी मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण फिट्स, हातापायांतला दोष आणि बौद्धिक अपंगत्व कायमचे मागे राहिले. पैसा हवा तेवढा होता, पण अशा मुलांवर उपचार करणारी जागाच कुठे नव्हती. जॉर्ज 1906 साली गेले. आपले घर आणि संपत्ती अशा मुलांच्या रुग्णालयासाठी वापरावी, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पुढच्याच वर्षी एम्माही गेली. 1931 साली तिच्या नावाने रुग्णालय सुरू झाले. केवळ मुलांच्या मेंदूच्या आणि मनाच्या आजारांसाठी असलेले ते अमेरिकेतले पहिले रुग्णालय.

चार्ल्स ब्रॅडली याच घराण्यातले, नात्याने जॉर्ज यांचे नातू लागत. जन्म 1902 चा, शिक्षण बालरोगतज्ज्ञाचे. रुग्णालयाच्या सुरुवातीच्या वर्षांतच ते तिथले वैद्यकीय प्रमुख झाले. मुले तिथे अनेक महिने राहत. आवारातच शाळा होती, त्यामुळे डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षक एकाच मुलाला दिवसभर वेगवेगळ्या प्रसंगी पाहत असत. आपल्या ओपीडीत वीस मिनिटांत जे दिसत नाही ते तिथे दिसत होते.

त्या काळी सीटी स्कॅन किंवा एमआरआय नव्हते. मेंदूचे चित्र हवे असेल तर कमरेतून सुई घालून मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढायचे, त्या जागी हवा सोडायची आणि मग एक्स-रे घ्यायचा. या तपासणीनंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. पाणी कमी झाल्यामुळे डोके दुखते, तेव्हा ते पाणी लवकर तयार व्हावे म्हणून उत्तेजक औषध देऊन पाहू, असा विचार ब्रॅडलींनी केला. त्यासाठी त्यांनी बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामिन, निवडले.

डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण शाळेतल्या शिक्षकांकडून वेगळीच बातमी येऊ लागली. एरवी दोन मिनिटे जागेवर न बसणारी काही मुले वही उघडून काम पुरे करत होती. सर्वांत जास्त फरक गणितात दिसत होता. मुलांनाही तो जाणवला आणि त्यांनी या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असे नाव पाडले. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने शिक्षकांचे बोलणे कानाआड केले असते. ब्रॅडलींनी ते तपासून पाहायचे ठरवले.

तीस मुले आणि तीन आठवडे

ब्रॅडलींनी 5 ते 14 वर्षांची 30 मुले निवडली, 21 मुलगे आणि 9 मुली. या मुलांच्या तक्रारी सारख्या नव्हत्या. कोणी अभ्यासात मागे, कोणी आक्रमक, कोणी स्वतःतच मिटलेले. आजच्या व्याख्येने त्या सगळ्यांना एडीएचडी म्हणता येणार नाही. आधी आठवडाभर औषधाविना निरीक्षण केले, मग आठवडाभर औषध दिले, मग ते बंद करून पुन्हा निरीक्षण केले.

1937 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 14 मुलांच्या शाळेच्या कामात लक्षणीय सुधारणा झाली. फरक औषध सुरू केल्याच्या दिवशीच दिसे आणि बंद केल्याच्या दिवशी जाई. पालकांना हे सांगितले की निम्मी भीती कमी होते. या गटातले औषध एकदा सुरू केले म्हणजे परतीचा रस्ता बंद, असे नसते. काही दिवस देऊन, बारकाईने पाहून, डॉक्टरांशी बोलून थांबवता येते. ब्रॅडलींचा अभ्यास असाच तर होता.

पण दुसरी बाजूही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवली. निम्म्याहून अधिक मुलांच्या शाळेच्या कामात तशी झेप दिसली नाही. काहींची भूक गेली, काहींची झोप उडाली, काही मुले जरा जरा गोष्टीवरून रडू लागली आणि एखाद्याची चळवळ उलट वाढली. कारण न शोधता सरसकट औषध दिले तर मुलाच्या त्रासाचे मूळ झाकले जाईल, हा इशाराही त्याच लेखात आहे. घरातली भांडणे, शाळेतली दादागिरी, न ओळखलेली वाचनाची अडचण किंवा कमी ऐकू येणे, हे सगळे वरवर चंचलतेसारखे दिसू शकते.

उत्तेजक औषधाने चळवळे मूल शांत कसे होते, हे कोडे ब्रॅडलींनाही पडले. मेंदूच्या वरच्या भागांचे काम आवर घालण्याचे असते आणि औषध त्यांनाच जागे करत असावे, असा त्यांचा अंदाज होता. चौकात डुलकी घेणारा पोलीस जागा झाला की गाड्या रांगेत येतात, तसेच काहीसे. आज आपण डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांच्या भाषेत बोलतो, पण त्यांचा अंदाज फार चुकला नव्हता.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. औषधाने फरक पडला म्हणजे एडीएचडीच होता, असे पालकांना वाटते. 1978 साली अमेरिकेतल्या डॉ. जुडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणतीही तक्रार नसलेल्या मुलग्यांना असे औषध एकदा देऊन पाहिले. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष वाढले. म्हणून निदान आधी, औषध नंतर. शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊन पाहणे हा निदानाचा मार्ग नव्हे.

पुढे काय झाले

ब्रॅडलींच्या लेखाकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. मुलांच्या वागण्याची कारणे आईच्या वागणुकीत शोधण्याचा तो काळ होता. ब्रॅडली मात्र काम करत राहिले आणि 1950 साली त्यांनी बारा वर्षांतल्या शेकडो मुलांचा अनुभव मांडला. तोपर्यंत ते ऱ्होड आयलंड सोडून ऑरेगॉन राज्यात गेले होते. मेथिलफेनिडेट हे औषध 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले आणि 1950 च्या दशकात बाजारात आले. मग जुने निष्कर्ष पुन्हा वाचले जाऊ लागले.

आपल्याकडे आज एडीएचडीसाठी जे उत्तेजक औषध मिळते ते हेच, मेथिलफेनिडेट. ते शेड्यूल एक्समध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्यासाठी वेगळा परवाना लागत असल्याने प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. चार दुकाने फिरावी लागली म्हणून घाबरू नका. नियम कडक आहेत ते गैरवापर टाळण्यासाठी. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे उत्तेजक नसलेले औषधही आहे, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. तिथे तीन दिवसांत निकाल मागू नका.

मूल सहा वर्षांपेक्षा लहान असेल तर आधी पालकांचे प्रशिक्षण आणि वर्तनोपचार करावेत. मोठ्या मुलांमध्ये औषध आणि वर्तनोपचार बरोबरीने चालतात. सुरू करण्यापूर्वी नाडी, रक्तदाब, वजन आणि उंची मोजून घ्या. मुलाला कधी चक्कर येऊन पडण्याचा त्रास झाला असेल किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर तो डॉक्टरांना न विचारताही सांगा. वजन-उंची पुढेही ठरावीक काळाने मोजायची असते. दुपारचा डबा तसाच परत येऊ लागला तर सकाळची न्याहारी औषधाआधी पोटभर द्या आणि पुढच्या भेटीत ते सांगा.

आणि वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. औषध सुरू करण्यापूर्वीचा एक आठवडा आणि नंतरचे काही आठवडे त्यांच्याकडून दोन-दोन ओळी लिहून घ्या : काम पुरे झाले का, जागेवर बसला का, डबा खाल्ला का, मित्रांशी कसा वागला. मुलालाही विचारा. गोळी घेतल्यावर कसे वाटते हे आठ वर्षांचे मूल छान सांगू शकते. महिन्याभरात या नोंदींत काहीच फरक दिसला नाही, तर मात्रा बदलायची, औषध बदलायचे की थांबवायचे, हे त्या नोंदी समोर ठेवूनच डॉक्टरांशी ठरवता येते.

ब्रॅडली 1979 साली वारले. अवधानाच्या कमतरतेचा आजार हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात आले ते त्याच्या पुढच्या वर्षी. एम्माच्या नावाने सुरू झालेले रुग्णालय आजही चालू आहे.