पं. विष्णु दिगंबर पलुसकर : वर्गातले गाणे

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असणे आज तुम्हांला स्वाभाविक वाटेल. सव्वाशे वर्षांपूर्वी ते तसे नव्हते. गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घ्यावेत, अशी रीत होती. विष्णु दिगंबर स्वतः याच रीतीने शिकले.

त्यांचा जन्म 1872 मध्ये कुरुंदवाडचा, वडील कीर्तनकार. लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाली, शालेय शिक्षण खुंटले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची गायनाची तालीम सुरू झाली. गायकाला दरबारात मान मिळे, समाजात मात्र क्वचितच. हे शल्य मनात घेऊन 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. संस्थानिकाच्या कृपेवर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर, शुल्कावर आणि जलशांच्या उत्पन्नावर ते चालावे, हा त्यांचा आग्रह होता. येथील अध्यापनपद्धती तुम्ही नीट लक्षात घ्या. एकाच वेळी अनेकांना शिकवायचे, म्हणजे प्रत्येकासाठी निराळी तालीम शक्य नाही. म्हणून त्यांनी अभ्यासक्रमाची वर्षवार विभागणी केली, क्रमिक पुस्तके छापली, परीक्षा ठेवल्या. स्वरलेखनासाठी स्वतःची चिन्हे ठरवली. स्वर किती मात्रांचा, अर्धा की पाव, हे त्यांतून कळे. ही लिपी काटेकोर होती, पण लिहायला किचकट. पुढे भातखंडे यांची सोपी लिपी अधिक रूढ झाली, यात आश्चर्य नाही. शृंगारिक चिजांऐवजी भक्तिपर पदे शिकवल्यामुळे पालक मुलींनाही निःशंकपणे पाठवू लागले.

त्यांची सर्वांत दूरदृष्टीची योजना मात्र उपदेशक वर्गाची. निवडक विद्यार्थ्यांना संस्थेत ठेवून गायक म्हणून आणि शिक्षक म्हणूनही घडवायचे, असा तिचा हेतू होता. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर हे या शिष्यपरंपरेतले. वर्गात बसवून मोठा गवई घडत नाही, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. वरील नावे सामुदायिक वर्गातून नव्हे, तर गुरूच्या दीर्घ सहवासातून घडली. म्हणजे जुनी रीत त्यांनी पुरती टाकली नव्हती. वर्गाकडून त्यांची अपेक्षा वेगळी होती : गाणे समजणारा श्रोता.

1908 मध्ये मुंबईत शाखा निघाली. तेथे इमारत उभारताना कर्ज झाले. जलशांतून ते फिटेना आणि शेवटी इमारतीचा लिलाव झाला. त्यानंतर त्यांचे मन नाशिकच्या आश्रमात, रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. तुमच्या घरातले एखादे मूल प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षेला बसले असेल, तर ती बहुधा याच मंडळाची असेल.