शिरेला नाव गेलनचे

वैद्यकाच्या इतिहासात इतका मोठा आणि तरीही इतका चुकलेला माणूस दुसरा मला तरी ठाऊक नाही. गेलन त्याचे नाव. आपल्याकडचे युनानी हकीम त्यालाच जालिनूस म्हणतात.

इ. स. १२९ मध्ये पर्गामम येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, एका वास्तुविशारदाच्या घरी तो जन्मला. वडिलांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि मुलगा वैद्यकाकडे वळला. स्मर्ना, कॉरिंथ, अलेक्झांड्रिया अशी विद्येसाठी भटकंती करून १५७ मध्ये तो गावी परतला व ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. त्यांच्या उघड्या जखमा हीच त्याची शाळा. १६२ मध्ये तो रोमला गेला आणि पुढे सम्राट मार्कस ऑरेलियसच्या दरबारी पोचला.

माणसाच्या शवाचे विच्छेदन रोममध्ये वर्ज्य होते. मग गेलनने माकडे, डुकरे, बैल तपासले. किंचाळणाऱ्या डुकराच्या गळ्यातले बारीक मज्जातंतू तो भर सभेत बांधी आणि आवाज एकदम बंद होई. आवाजावर सत्ता मेंदूची आहे, हृदयाची नाही, हे त्याने लोकांना असे दाखवून दिले.

याच शोधात मेंदूच्या गाभ्यातली एक शीर त्याने वर्णन करून ठेवली. आत खोलवरच्या दोन शिरा एकत्र येऊन ती बनते. लांबी जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. एमआरआयवर शिरांचे चित्र काढले, की ती बरोबर मध्यरेषेवर सापडते. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पुलाच्या मागच्या टोकाला ती आकड्यासारखा वळसा घालते. गाभ्यातले बरेचसे अशुद्ध रक्त हिच्यातून बाहेर पडते. इथे गुठळी झाली तर जिवावर बेतते.

गंमत अशी, की गेलनच्या मते रक्त यकृतात तयार होते आणि शिरा ते अवयवांना पोचवतात. म्हणजे शीर दिसली ती खरी, पण तिच्यातल्या प्रवाहाची दिशा त्याने उलटी धरली! बैलाच्या मेंदूखाली दिसलेले रक्तवाहिन्यांचे जाळेही त्याने माणसाला बहाल केले. ते माणसात नाही, हे व्हेसॅलियसच्या ग्रंथातून १५४३ मध्ये पुढे आले. रक्ताभिसरणाचा उलगडा हार्वेने १६२८ मध्ये केला. तोवर तेराशेहून अधिक वर्षे गेलनचा शब्द प्रमाण होता.

हा दोष मी एकट्या गेलनच्या माथी मारणार नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असे तो शिष्यांना बजावत असे. १९२ मध्ये रोमच्या आगीत त्याचे कितीतरी ग्रंथ जळाले, तरी तो पुन्हा लिहायला बसला. त्या हानीविषयीचे त्याचे पत्र २००५ मध्ये ग्रीसमधल्या एका मठात सापडले. पुढच्या पिढ्यांनी मात्र देह उघडण्याऐवजी त्याची पोथी उघडली.

क्वचित एखाद्या नवजात बाळाच्या डोक्यात धमन्यांचे रक्त याच जागी थेट शिरेत घुसते आणि इवलेसे हृदय थकून जाते. आज डॉक्टर बारीक नळी धमनीतून तिथवर नेतात आणि ती वाट बुजवतात. रक्त कुठून कुठे धावते आहे, हे त्यांना पडद्यावर दिसत असते. त्या विकाराच्या नावातही गेलन आहेच.