पुसलेला फळा, जपलेली वही

फायलो फार्न्सवर्थ हा अमेरिकेतील शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९०६ चा. विजेच्या साहाय्याने चित्र दूर पाठविण्याची आपली कल्पना त्याने १९२२ साली टोलमन या शिक्षकांना फळ्यावर काढून दाखविली. फळा पुसला गेला. सरांच्या मनातली आकृती पुसली नाही. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेत त्याच्या दूरचित्रवाणीवर पहिली रेघ उमटली. तिची नोंद वहीत झाली. पुढे आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीशी पेटंटचा वाद झाला. टोलमनसरांनी साक्ष दिली. निकाल फार्न्सवर्थ यांच्या बाजूने लागला. १९७१ मध्ये ते निवर्तले. त्यांची कागदपत्रे युटा विद्यापीठाने जपली आहेत. आमच्या घरी जपलेला कागद एकच, सातबाऱ्याचा. मित्रहो, बुद्धीच्या शेतालाही सातबारा लागतो!