आचार्य धर्मानंद कोसंबी

आमच्या दुधनीच्या आसमंतात दमणगंगेचे अडविलेले पाणी दूरवर पसरले आहे. त्या पाण्याच्या काठाकाठाने असलेल्या पाड्यांत कोणी वाघदेवाला नारळ वाहतो, कोणी कणसरीला नवे धान्य अर्पण करतो, कोणाच्या अंगणात तुळस असते, तर कोणाच्या भिंतीवर क्रूस असतो. वर्गात एके दिवशी एका विद्यार्थ्याने सहज विचारले की, माणसे आपापला धर्म कशाच्या आधारावर मानतात? वाडवडिलांपासून चालत आले म्हणून, एवढेच उत्तर देऊन आम्ही धडा पुढे चालू केला. ते उत्तर खोटे नव्हते. परंतु अपुरे होते, ही रुखरुख मनाला लागून राहिली. त्या प्रश्नाचा ज्या पुरुषाने आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र आज विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. आपली दादरा-नगर हवेली १९५४ पर्यंत ज्या पोर्तुगीज अमलाखाली होती, त्याच अमलाखाली तेव्हा गोवाही होता. आमच्याप्रमाणेच त्यांचीही मातृभाषा कोंकणी. घरची स्थिती बेताची, प्रकृती नाजूक आणि शाळेचे शिक्षण अगदी जुजबी. लहान वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि कुळागराची व संसाराची काळजी त्यांच्या माथी आली. मन मात्र त्यात रमेना. आपल्या जगण्याला काही अर्थ आहे की नाही, या विचाराने ते व्याकुळ होत. अशा वेळी तुकोबांच्या अभंगांनी त्यांना धीर दिला. दुःखी जिवाला आधार मिळतो म्हणून माणूस श्रद्धेकडे वळतो. धर्मानंदही प्रथम त्याच वाटेने गेले.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती कोणा मोठ्या ग्रंथाने नव्हे. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ नावाचे मुलांसाठी निघणारे मराठी मासिक होते. त्यात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. त्या वेळी त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. पोथीतील चमत्कार ऐकून न हेलावणारे त्यांचे मन एका माणसाच्या करुणेने आणि शांतीने भारून गेले. हाच आपला गुरू, असे त्यांना वाटले. त्यांच्या घराण्यात बुद्धाची उपासना नव्हती, गावात बौद्ध धर्माचा कोणी माणूस नव्हता. एका चारित्र्याविषयी वाटलेला आदर, हेच त्यांच्या नव्या श्रद्धेचे कारण होते.

परंतु केवळ आदरावर त्यांचे समाधान झाले नाही. बुद्धाने खरोखर काय शिकविले, हे मुळापासून जाणल्यावाचून त्याला गुरू कसे म्हणावे? या एका ध्यासाने १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे तरुण पत्नी होती, तान्ही मुलगी होती. येथे आम्ही क्षणभर थांबतो. थोरांचा मोठेपणा सांगताना त्याची किंमत दुसऱ्या कोणी दिली, हे झाकून ठेवणे योग्य नव्हे. बाळाबाईंनी त्या वर्षांत जे सोसले, त्याचा वाटा धर्मानंदांच्या विद्येत आहे.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट व मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे ग्वाल्हेरमार्गे काशी गाठून, अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळात गेले. परंतु तेथे जे आढळले त्याने त्यांची निराशाच झाली. दुसरा एखादा हताश होऊन घरी परतला असता. ते बुद्धगयेला गेले आणि तेथून थेट सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत उतरले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली व पाली भाषा शिकण्यास आरंभ केला. ज्या भाषेत बुद्धवचने जतन झाली आहेत, ती भाषा आता त्यांच्या आटोक्यात आली. त्यानंतर ब्रह्मदेशात राहून १९०६ साली ते कलकत्त्यास परतले.

कलकत्त्यास त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. विद्यापीठात चांगल्या वेतनाची सोय होत असताना त्यांनी ती सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर महाराष्ट्रात राहून बौद्ध धर्माविषयी लिहिण्याचे पत्करले. आपल्याला जे लाभले ते आपल्या माणसांपर्यंत मराठीतून पोहोचावे, ही त्यांची तळमळ होती. १९१० साली ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. १९१२ पासून १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. पुढे गुजरात विद्यापीठात आणि रशियातील लेनिनग्राड येथेही त्यांनी काम केले. जुजबी शाळा शिकलेल्या खेड्यातील मुलाची ही मजल होती! १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला, आणि नंतर मुंबईत परळ भागात कष्टकरी लोकांसाठी बहुजन विहार उभारला.

आता त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद गोष्ट सांगतो. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा आपण सर्वांनी वाचली आहे. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या ग्रंथात धर्मानंदांनी ही कथा जुन्या आधारांवर तपासून पाहिली. पाली ग्रंथांत ती मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या एका बुद्धाविषयी सांगितलेली आहे, असे त्यांनी दाखविले. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणे होत. परस्परांवर शस्त्र उगारणाऱ्या माणसांना पाहून सिद्धार्थाचे मन उद्विग्न झाले असावे, असा निष्कर्ष त्यांनी सुत्तनिपातातील एका सुत्ताच्या आधारे काढला. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीचाच वाद आला आहे. ज्याच्यासाठी घर सोडले, त्या गुरूच्याच चरित्रातील लाडकी कथा तपासावयास काढणे हे सोपे काम नव्हे. धर्मानंदांनी ते केले, आणि त्यांची श्रद्धा तिळमात्र ढळली नाही. उलट, नदीचे पाणी आणि त्यावरून होणारी भांडणे ज्यांना ठाऊक आहेत, अशा आपल्यासारख्यांना त्यांचा बुद्ध अधिकच जवळचा वाटतो.

त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी (१९०७–१९६६) हे थोर गणिती व इतिहाससंशोधक झाले. त्यांनी वडिलांची श्रद्धा स्वीकारली नाही. परंतु पुण्याभोवतीच्या डोंगरवाटा पायी तुडवून त्यांनी ग्रामदेवतांची ठाणी पाहिली आणि ती तेथेच का वसली, याची कारणे शोधली. पित्याकडून पुत्राकडे श्रद्धा आली नाही. प्रश्न विचारण्याची सवय मात्र आली.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात धर्मानंदांचे देहावसान झाले. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात अपुऱ्या राहिलेल्या उत्तराची भर आता घालतो. कोणी परंपरेने धर्म मानतो, कोणी भयाने, कोणी दुःखात आधार हवा म्हणून, कोणी एखाद्या थोर चारित्र्यावर लुब्ध होऊन, तर कोणी अभ्यासाअंती. यांतील कोणत्याही कारणाला हसू नये. कारण वाघदेवापुढे नारळ ठेवणाऱ्या आजोबांच्या मनात रानात गेलेल्या लेकराची काळजी असते. पण आपले स्वतःचे कारण कोणते, हे मात्र प्रत्येकाने एकदा तरी प्रामाणिकपणे पाहावे. तपासून पाहिल्याने खरी श्रद्धा मोडत नाही, हेच धर्मानंदांच्या जीवनाचे सार होय. ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, त्याचे आम्ही मनापासून आभार मानतो.