बाबू गेनूच्या गिरणगावात तिसरा माग

डिंभे धरणाच्या जलाशयाला ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ म्हणतात, हे जुन्नर-आंबेगावच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. परदेशी कापडाची लॉरी, तिच्यापुढं आडवा झालेला तरुण, एवढंही शाळेत होऊन जातं. पण हा बाबू पोटासाठी काय करायचा, असं कुणी विचारलं तर? तो गिरणी कामगार होता. ‘एआय आपली नोकरी खाणार का’ यावर आज तुम्ही कॅन्टीनमध्ये वाद घालता ना, तसाच वाद तेव्हा त्याच्या गिरणगावात पेटला होता.

बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ चा, गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. घरची गरिबी. शेतीवर भागेना म्हणून घाटावरची माणसं मुंबई धरायची, तसं हे कुटुंबही गेलं. बाबू लहान वयातच गिरणीत लागला. भोंगा वाजला की दारात उभं राहायचं. कायम नसलेल्या ‘बदली’वाल्याला आज काम आहे की नाही, ते जॉबर ठरवणार. ॲपवर ऑर्डरची वाट बघत चौकात बसणाऱ्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९२८ मध्ये काही गिरण्यांनी नवी पद्धत आणली. तोवर एक विणकर दोन माग सांभाळायचा, त्यानं आता तीन सांभाळावेत. कताईतही तसंच, एकाच्या जागी दोन बाजू. मालकांचं म्हणणं, जपानी कापडाशी टक्कर आहे, खर्च कमी केल्याशिवाय गिरण्या टिकणार नाहीत, आणि तीन मागवाल्याला पगारही थोडा जास्त मिळेल. हिशेब तुम्हीच करा. सहा मागांवर पूर्वी तीन माणसं होती, आता दोन. तिसऱ्यानं कुठं जायचं? सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले आणि एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. पुढच्या वर्षी पुन्हा संप झाला, तो मात्र फसला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ज्या विणकामाच्या नोकरीसाठी हे सगळं चाललं होतं, ती दलित कामगारांना मिळतच नव्हती. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढं केलं जाई. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न त्याच संपाच्या वेळी मांडला. यंत्र नवं आलं म्हणून जुनी दारं आपोआप उघडतात, असं काही नाही बरं का!

मग १९३० उजाडलं. मिठाचा सत्याग्रह, परदेशी कापडावर बहिष्कार. १२ डिसेंबरला काळबादेवीत विलायती मालानं भरलेली लॉरी पोलिस बंदोबस्तात निघाली. स्वयंसेवक तिच्यापुढं आडवे होत होते, त्यांत बाबू होता. लॉरी त्याच्या अंगावरून गेली. वय २२.

ज्या मँचेस्टरच्या भोवती असलं कापड विणलं जायचं, त्या लँकेशायरमध्येही तेव्हा गिरण्या बंद पडत होत्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी तिथं जाऊन बेकार कामगारांना भेटले. म्हणजे लॉरीतल्या मालाच्या दोन्ही टोकांना गिरणी कामगारच होते.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट आपल्याकडं सांगतात. लॉरीचा चालक हिंदी माणूस होता. त्यानं माणसांच्या अंगावर गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटनं स्वतः स्टिअरिंग धरलं. मला या कथेत बाबूइतकाच तो चालक महत्त्वाचा वाटतो. लॉरी चालवणं हे तेव्हा नवंच काम होतं आणि ते करणारा माणूस ‘नाही’ म्हणू शकला. संपावर गेलेला विणकरही तेच म्हणत होता.

ऑस्ट्रेलियातल्या लोखंडाच्या खाणींत आज विनाचालक डंपर धावतात. त्यांच्यापुढं कुणी आलं तर सेन्सर ब्रेक लावेलही, कदाचित माणसाआधी लावेल. पण कधी थांबायचं, कुणासाठी थांबायचं आणि कुणाच्या हुकमानं पुन्हा निघायचं, हे कुणीतरी आधीच कोडमध्ये लिहून ठेवलेलं असतं. ते लिहिण्याचं काम अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या तुमच्यापैकी कुणाकडं तरी येऊ शकतं. महाळुंगे पडवळ तिथून काही लांब नाही.