गर्ट्रूड एलियन: डोळ्यातल्या नागिणीवरचं औषध आणि बदलणारे विषाणू

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले, कॅन्सरची केमोथेरपी घेणारे किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण डोळा लाल झाला की बऱ्याचदा 'साथीचे डोळे आले असतील' असं समजून थेंब आणतात. त्यांच्या बाबतीत हे धोक्याचं का असतं आणि त्यावर औषध कसं मिळालं, हे समजून घ्यायचं तर एका शास्त्रज्ञ बाईंची ओळख करून घ्यायला हवी.

गर्ट्रूड एलियन यांचा जन्म २३ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील दंतवैद्य होते, पण १९२९ च्या शेअर बाजारातल्या पडझडीत घरची पुंजी गेली. त्या पंधरा वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले. या आजारांवर काम करायचं, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. हंटर कॉलेजमध्ये फी नव्हती, म्हणून शिक्षण शक्य झालं. १९३७ मध्ये रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळाली, पण बाई म्हणून प्रयोगशाळेत कुणी घेईना. काही काळ त्यांनी बिनपगारी काम केलं, तर काही काळ लोणच्याची आंबटता तपासण्याचं काम केलं. १९४१ मध्ये त्यांचे होणारे पती हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गाने वारले. पेनिसिलिन तेव्हा सर्वांना मिळत नव्हतं. पुढे त्यांनी लग्न केलं नाही.

१९४४ मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडे त्यांना काम मिळालं. रात्री पीएचडीसाठी जात होत्या. पूर्णवेळ या, अशी अट आली तेव्हा त्यांनी नोकरी निवडली आणि पीएचडी सोडली.

एकाच हातून दोन औषधं

पेशी आणि जंतू आपली डीएनए बनवण्यासाठी जो कच्चा माल वापरतात, त्यासारखाच दिसणारा पण निकामी माल त्यांना पुरवायचा, ही त्यांच्या संशोधनाची दिशा होती. त्यातून रक्ताच्या कॅन्सरवरचं मर्कॅप्टोप्युरिन आलं. त्याचंच पुढचं रूप म्हणजे अ‍ॅझाथायोप्रिन. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ते प्रतिकारशक्ती दाबून ठेवतं. १९६२ मध्ये बॉस्टनमध्ये नात्यात नसलेल्या दात्याचं मूत्रपिंड त्याच्याच जोरावर टिकलं.

पण प्रतिकारशक्ती दबली की शरीरात झोपलेले विषाणू जागे होतात. बहुतेकांच्या शरीरात नागीण गटातले विषाणू लहानपणापासूनच असतात. हर्पीस सिम्प्लेक्स बुबुळावर जखम करतो. कांजिण्यांचा विषाणू नागीण होऊन कपाळ-डोळ्यावर येतो. सायटोमेगॅलो विषाणू पडदा जाळत नेतो आणि त्यात सहसा दुखतही नाही.

या गटातल्या विषाणूंवरचं पहिलं मोठं शस्त्रही एलियन यांच्याच गटाकडून आलं: अ‍ॅसायक्लोव्हिर. हावर्ड शेफर यांनी रेणू तयार केला. तो कसा काम करतो, हे एलियन यांच्या गटाने १९७७ मध्ये मांडलं. हे औषध कुलूपबंद असतं आणि किल्ली विषाणूकडेच असते. हर्पीसचं थायमिडिन कायनेज नावाचं विकर ते चालू करतं. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय राहतं.

विषाणूने किल्ली फेकली तर?

इथेच जनुकीय बदलाचा मुद्दा येतो. प्रती काढताना विषाणूकडून चुका होतात. एखाद्या चुकीमुळे थायमिडिन कायनेज बनणंच थांबलं, तर औषध चालूच होत नाही. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांत असे विषाणू सहसा डोकं वर काढत नाहीत, कारण ते थोडे दुबळे असतात आणि शरीर त्यांना आवरतं. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात आवरणारं कुणी नसतं. विषाणू महिनोन्‌महिने वाढत राहतो, औषधही चालू असतं, आणि तगणारा बदललेला वाण उरतो.

सायटोमेगॅलोवर अ‍ॅसायक्लोव्हिरचा नातलग गॅन्सिक्लोव्हिर वापरतात. त्याची किल्ली यूएल ९७ या जनुकात असते आणि तिथेही असाच बदल होतो. म्हणून उपचार चालू असताना आजार वाढला, तर डॉक्टर डोळ्यातलं पाणी किंवा रक्त तपासून जनुकं पाहतात. मग किल्लीची गरजच नसलेलं फॉस्कार्नेट देण्याचा विचार होतो. ते मूत्रपिंडाला त्रासदायक असल्याने देखरेखीखालीच द्यावं लागतं.

एलियन १९८३ मध्ये निवृत्त झाल्या. १९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी त्यांचं निधन झालं.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- प्रतिकारशक्ती कमी असेल आणि डोळा लाल झाला, दुखला, डोळ्यासमोर काळे ठिपके तरंगले, चमक दिसली किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
- दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका. हर्पीसमध्ये त्यांनी बुबुळाची जखम वाढते.
- विषाणूविरोधी गोळ्या मध्येच सोडू नका किंवा डोस कमी करू नका.
- प्रत्यारोपणाच्या गोळ्या घाबरून स्वतः बंद करू नका. डोस बदलायचा का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील.